जुना लॅपटॉप पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही? आधी बघा तो नेमका कुठे अडतोय

विंडोज किंवा लिनक्स टाकायला पेनड्राइव्ह बनवला, लावला, लॅपटॉप चालू केला आणि तो आपला गपगुमान जुन्याच विंडोजमध्ये गेला, किंवा काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत बसला, पुढे काहीच नाही. हा प्रॉब्लेम इतक्या वेळा समोर येतो की एकदा नीट लिहूनच टाकतो. बहुतेक जण अशा वेळी काय करतात तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताच विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) शिरून दिसेल ते सेटिंग फिरवतात, त्याच दमात पेनड्राइव्ह परत बनवतात, आयएसओ (विंडोज किंवा लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल) पण दुसरा उतरवतात, आणि मग कधीतरी चालतं पण कशामुळे चाललं ते काही कळत नाही, आणि पुढच्या लॅपटॉपला परत सगळं पहिल्यापासून.

तर कशालाही हात लावायच्या आधी एवढंच बघा की गाडी कुठपर्यंत येतेय. बूट मेनूत, म्हणजे कशावरून चालू (बूट) व्हायचं ते विचारणाऱ्या यादीत, पेनड्राइव्हचं नावच दिसत नाही, हा एक प्रकार. नाव दिसतं पण निवडलं की एरर येते नाहीतर परत मेनूवर फेकतो, हा दुसरा. आणि इन्स्टॉलरचा लोगो किंवा मेनू दिसतो आणि मग पुढे लटकतो, हा तिसरा. तिन्हींची कारणं पूर्ण वेगळी आहेत. तिसऱ्या प्रकारात असाल तर पेनड्राइव्ह बूट झालेला आहे, मग बूट ऑर्डरच्या मागे लागून काही उपयोग नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काहीच कळणार नाही.

नावच दिसत नाही

पहिलं म्हणजे पेनड्राइव्ह लॅपटॉप बंद असतानाच लावा आणि मग चालू करा. जुनी बायोस सुरुवातीला एकदाच यादी करते, तुम्ही बायोसच्या स्क्रीनवर पोचल्यावर पेनड्राइव्ह खुपसलात तर तिला पत्ताच नसतो. हब, एक्स्टेन्शन केबल असलं मधे काही नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये.

कोणत्या पोर्टमध्ये हे पण महत्त्वाचं. यूएसबी ३ नवीन आलं तेव्हाच्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एक-दोन निळे पोर्ट वेगळ्या चिपवर असायचे आणि त्या चिपवरून बूट कसं करायचं हे बायोसला शिकवलेलंच नसायचं. विंडोज चालू झालं की पोर्ट मस्त चालतो कारण तिथे ड्रायव्हर असतो, म्हणून आपल्याला शंका येत नाही. काळा पोर्ट असेल तर तो वापरा. शक्य असेल तर पेनड्राइव्ह पण साधा यूएसबी २ चा, ८ किंवा १६ जीबीचा घ्या. फार जुन्या बायोस मोठ्या पेनड्राइव्हवर गडबडतात, आणि इन्स्टॉलरला तेवढी जागा लागत पण नाही.

मग येतो शटडाउनचा घोळ. विंडोज ८ पासून पुढे 'शट डाउन' म्हणजे खरोखर बंद नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपवलेलं असतं, आणि त्यातून उठताना बूट मेनूचं बटण पकडायला संधीच मिळत नाही अशी मशीन्स आहेत. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा सरळ रीस्टार्ट करा, रीस्टार्टमध्ये हा प्रकार नसतो. बायोसमध्ये पण 'फास्ट बूट' नावाचं वेगळं सेटिंग असतं, नावं सारखी असली तरी दोन्हींचा संबंध नाही. बायोसवालं फास्ट बूट चालू असेल तर वेळ वाचवण्यासाठी ती यूएसबी तपासणंच टाळू शकते. ते बंद करा.

बूट मेनूची बटणं साधारण अशी: डेल, तोशिबा आणि लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१२, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला पण एफ१२ पण तिथे गंमत अशी की बऱ्याच मॉडेलला 'एफ१२ बूट मेनू' हे बायोसमध्ये जाऊन आधी एनेबल करावं लागतं, तोपर्यंत तुम्ही एफ१२ कितीही बडवा. लेनोवोच्या आयडियापॅडला बाजूला बारीक बाण काढलेलं एक छोटं बटण किंवा पिनेने दाबायचं भोक असतं, लॅपटॉप बंद असताना ते दाबलं की मेनू येतो. सोनी वायोमध्ये 'एक्स्टर्नल डिव्हाइस बूट' नावाचं सेटिंग आहे, ते एनेबल नसेल तर पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि आता ती जागा जिथे बहुतेक लोक अडकतात. जुन्या बायोसमध्ये बूट ऑर्डरच्या यादीत 'यूएसबी' असं काहीतरी दिसतं, आपण ते सगळ्यात वर आणतो, सेव्ह करतो, तरी हार्ड डिस्कच बूट होते. कारण त्या बायोसच्या लेखी पेनड्राइव्ह हा यूएसबी डिव्हाइस नाहीच, ती एक हार्ड डिस्क आहे! यादीतल्या 'यूएसबी' मध्ये फ्लॉपी किंवा सीडी ड्राइव्ह तेवढे येतात. पेनड्राइव्ह सापडतो तो 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज' नावाच्या आतल्या मेनूत, जिथे आतली डिस्क एक नंबरला आणि पेनड्राइव्ह दोन नंबरला असतो. तिथे आत जाऊन पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर आणायचा, मग बाहेरच्या यादीत हार्ड डिस्क वर ठेवायची. जुन्या थिंकपॅडमध्ये तर यादीत वगळलेल्या डिव्हाइसच्या पुढे उद्गारचिन्ह असतं, ते काढल्याशिवाय तो धरला जात नाही.

सेटिंग केलं, सेव्ह केलं, चार्जर काढून ठेवला आणि पुढच्या वेळी सगळं परत जैसे थे, तारीख पण कुठल्याकुठे मागे गेलेली, असं होत असेल तर आतला बटण सेल संपलाय. तो बदला, त्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे.

नाव दिसतं, पण निवडलं की काही होत नाही

इथे नव्वद टक्के घोळ एकच असतो, पेनड्राइव्ह एका पद्धतीचा बनवलाय आणि लॅपटॉप दुसऱ्या पद्धतीने वाचतोय. नव्वद हा मोजलेला आकडा नाही, बोलायची पद्धत म्हणून घ्या. पण हे एकदा आतून समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुनी बायोस पेनड्राइव्हवरच्या फाइली बघतच नाही. तिला फाइल, फोल्डर काही कळत नाही. ती ड्राइव्हचा अगदी पहिला तुकडा उचलते, फक्त ५१२ बाइट, त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ एए ही खूण आहे का बघते, आणि असेल तर तिथल्या कोडच्या हाती कारभार देऊन मोकळी होते. पुढचं पुढे तो कोड बघेल. म्हणून आयएसओ उघडून आतल्या फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट करून बनवलेला पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपवर कधीच चालणार नाही, फाइली सगळ्या आल्या पण तो पहिला तुकडा कुणी लिहिलाच नाही.

यूईएफआय म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत, तिचं बरोबर उलटं. ती त्या कोडकडे बघत नाही, ती फॅट३२ पार्टिशन (फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्हचा भाग) शोधते, त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये बूट नावाचं फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय नावाची फाइल शोधते, मिळाली की ती चालवते. इथे कॉपी-पेस्टवाला पेनड्राइव्ह चालून जातो, फक्त फॅट३२ पाहिजे. पण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि हल्लीच्या विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉल डॉट विम बऱ्याचदा त्याच्या वर जाते, मग लोक एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटचा करतात, आणि मग बऱ्याच यूईएफआयना तो दिसत नाही. रूफस हा पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम यावर तोडगा म्हणून एनटीएफएसच्या शेजारी एक चिमुकलं पार्टिशन टाकतो जे आधी बूट होऊन एनटीएफएस वाचायला शिकवतं. ते तसंच राहू द्या, फालतू समजून डिलीट करू नका.

आता हेच लक्षात घ्या की 'दुसऱ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह चालतोय म्हणजे पेनड्राइव्ह ठीक आहे' हे लॉजिक अर्धंच बरोबर आहे. दुसरा लॅपटॉप नवा असेल तर त्याने यूईएफआयने बूट केलं, त्यावरून बायोसचा भाग ठीक आहे की नाही काहीच सिद्ध होत नाही.

तुमचा लॅपटॉप कुठल्या गटातला? विंडोज चालू होत असेल तर रन मध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा, 'बायोस मोड' समोर लेगसी (म्हणजे जुनी बायोसची पद्धत) किंवा यूईएफआय लिहिलेलं असतं. अर्थात ते आत्ताचं विंडोज कसं टाकलंय ते सांगतं, मशीनला काय काय जमतं ते नाही. विंडोज चालूच होत नसेल तर अंदाज असा: लॅपटॉप विंडोज ८ किंवा नंतरचं विंडोज घेऊन आला असेल, म्हणजे २०१२ च्या शेवटापासून पुढचा, तर यूईएफआय. विंडोज ७ किंवा व्हिस्टाचं स्टिकर असेल तर लेगसी धरून चाला. मधल्या २०१०-११ च्या काही मशीनमध्ये यूईएफआय असते पण अर्धीकच्ची, मी तरी त्यांच्या नादी लागत नाही, सरळ लेगसीने करतो.

जुन्या लॅपटॉपसाठी रूफसमध्ये पार्टिशन स्कीम (ड्राइव्हचे भाग नोंदवायची पद्धत) एमबीआर म्हणजे जुनी निवडा, टार्गेटला बायोसचं नाव आलं पाहिजे. रूफस विंडोजच्या आयएसओसाठी बऱ्याचदा स्वतःहून जीपीटी ही नवी पद्धत निवडून ठेवतो, न बघता स्टार्ट दाबलं की झालं, तो पेनड्राइव्ह लेगसी मशीनवर बूट होणार नाही. त्याच्या खाली ॲडव्हान्स्ड ड्राइव्ह प्रॉपर्टीज उघडलं की जुन्या बायोससाठी फिक्सेस टाकायचा एक चेकबॉक्स आहे, नेहमी लागत नाही, पण दुसरं काही चालत नसेल तर तो टिक करून परत बनवा.

लिनक्सचे आयएसओ बहुतेक दोन्ही पद्धतीने बूट होतील असे बनवलेले असतात, जसेच्या तसे लिहिले तर. बलेना एचर हा प्रोग्राम नाहीतर लिनक्सची डीडी कमांड वापरली की तसे लिहिले जातात. तरीही काही जुन्या बायोस रुसतात, कारण त्यांना एमबीआरमध्ये एकतरी पार्टिशन 'ॲक्टिव्ह' म्हणून खूण केलेलं हवं असतं आणि काही नव्या आयएसओमध्ये ती खूण नसते. अशा वेळी तोच आयएसओ रूफसने आयएसओ मोडमध्ये लिहून बघा, तिथे रूफस स्वतःचं एमबीआर आणि ॲक्टिव्ह फॅट३२ पार्टिशन बनवतो. उलट पण होतं, आयएसओ मोडचा चालत नाही आणि डीडी मोडचा चालतो. दोन्ही करून बघणं एवढाच उपाय.

मधल्या काळातल्या लॅपटॉपमध्ये बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेलं आणि एकदा नुसतं नाव. हे दोन पेनड्राइव्ह नाहीत, एकाच पेनड्राइव्हची दोन दारं आहेत. एकाने जमलं नाही तर दुसऱ्याने जा, आणि कुठल्या दाराने आत गेलात ते लक्षात ठेवा कारण पुढे डिस्क निवडताना त्याचा हिशोब होतो. विंडोजचा इन्स्टॉलर 'या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टिमवर जीपीटी लागतं' असलं काही म्हणाला तर लगेच डिस्क पुसायला धावू नका, डेटा जाईल. रीस्टार्ट करून दुसऱ्या नावाने बूट करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सिक्युअर बूट म्हणजे मान्यतेची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारं सेटिंग, ते फक्त यूईएफआयवाल्यांना लागू. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच लोकांचे लिनक्सचे पेनड्राइव्ह अचानक बंद पडले, स्क्रीनवर 'शिम एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं काहीतरी येऊन मशीन बंद. त्या अपडेटने जुने बूटलोडर (सिस्टिम चालू करून देणारे छोटे प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली, त्यामुळे घरात पडून असलेला दोन-तीन वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह आता चालत नसेल तर तो खराब झालाय असं नाही, नवा आयएसओ उतरवा. किंवा सिक्युअर बूट बंद करा. काही एसरमध्ये ते ऑप्शन करडं दिसतं, आधी सुपरवायझर पासवर्ड लावला की बदलता येतं, तो पासवर्ड मात्र कुठेतरी लिहून ठेवा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हातात घेतल्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू नका, नंतर ती की मागेल आणि तुम्ही बसाल शोधत.

इन्स्टॉलर चालू होतो आणि मग अडतो

इथे मेसेज नीट वाचा, पटकन गेला तर मोबाइलने व्हिडिओ काढा आणि थांबवून वाचा.

'धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू' आलं तर प्रोसेसरच ३२-बिटचा आहे, कुठलंही सेटिंग मदतीला येणार नाही. पहिले कोअर ड्युओ, ॲटम एन२७० वाले नेटबुक यातलेच. उबुंटूने ३२-बिट डेस्कटॉप आयएसओ १७.१० पासून बंद केले, मिंटचं १९.३ हे त्यातलं शेवटचं, डेबियन १२ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर मिळतो पण १३ मध्ये नाही. म्हणजे अशा मशीनला डेबियन १२.

याच्या उलटा एक वैतागवाणा प्रकार आहे, बे ट्रेल ॲटमवाले छोटे लॅपटॉप आणि टॅबलेट, साधारण २०१३-१४ चे. प्रोसेसर ६४-बिटचा पण बऱ्याच मॉडेलमध्ये यूईएफआय ३२-बिटची, आणि लेगसी मोड बहुधा नाहीच. तिला बूटएक्स६४ नको असते, बूटआयए३२ डॉट ईएफआय हवी असते, आणि आयएसओमध्ये ती फाइल नसेल तर पेनड्राइव्ह निवडूनही ढिम्म. हा खरा दुसऱ्या प्रकारातला रोग, पण बिटचा विषय निघाला म्हणून इथे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ही फाइल असते.

विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन कोअर टू ड्युओवर टाकायला जाणारे पण भेटतात. चेक वगळायच्या युक्त्या असतात, मान्य, पण त्या टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि रॅमच्या चेकसाठी. २४एच२ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या सोयी लागतातच, कोअर टूमध्ये त्या नाहीत, त्यामुळे ते बूटच होणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा एवढ्या जुन्या मशीनवर हलकं लिनक्स टाका हे माझं मत.

लिनक्सचा मेनू आला, इन्स्टॉल निवडलं आणि स्क्रीन काळी झाली तर तो बऱ्याचदा ग्राफिक्सचा प्रॉब्लेम असतो. मेनूत 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कंपॅटिबिलिटी मोड' असेल तर तो घ्या, नसेल तर त्या ओळीवर ई दाबून लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि एफ१० दाबा.

विंडोजचा इन्स्टॉलर 'सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिसिंग आहे' म्हणतो आणि तुमच्याकडे सीडी-डीव्हीडी काहीच नाही, तर तो खरं म्हणजे स्वतःचाच पेनड्राइव्ह हरवून बसलाय. विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नसतात म्हणून हे हमखास होतं. कॅन्सल करून पहिल्या स्क्रीनवर या, पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, काही सेकंद थांबा आणि परत 'इन्स्टॉल नाऊ' करा. ऐकायला विचित्र वाटतं पण चालतं.

दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकत असेल, नाहीतर फाइल करप्ट असल्याच्या एरर येत असतील तर आयएसओचा एसएचए२५६ (फाइल जशीच्या तशी उतरलीय का ते तपासायचा आकडा) जुळवून बघा, आणि तो जुळला तर पेनड्राइव्हवर संशय घ्या. ६४ जीबी छापलेले पण आतून ८ चे असे नकली पेनड्राइव्ह भरपूर फिरतात, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नाहीतर लिनक्सवर एफ३ नावाच्या प्रोग्रामने तपासता येतात, फक्त तपासताना आधीचा डेटा काढून ठेवा.

काहीच जमलं नाही तर

डीव्हीडी ड्राइव्ह चालू असेल तर आयएसओ डीव्हीडीवर लिहा, जुन्या मशीनला तोच रस्ता सगळ्यात कमी कटकटीचा. फार जुन्या, यूएसबीवरून बूट करताच न येणाऱ्या बायोससाठी प्लॉप बूट मॅनेजर आहे, तो सीडीवरून चालू करायचा आणि तो पुढे पेनड्राइव्ह बूट करून देतो. लिनक्स टाकायचं असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावून तिथे इन्स्टॉल करून परत आणता येते, दोन्हीकडे बूटचा मोड एकच ठेवा म्हणजे झालं. आणि हो, त्या दुसऱ्या मशीनची स्वतःची डिस्क आधी काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर भलतीकडे जाऊन बसतो.

बायोस अपडेट करा असा सल्ला फार सढळ हाताने दिला जातो. माझं म्हणणं, त्या अपडेटच्या माहितीत यूएसबी बूटबद्दल स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करा, आणि बॅटरी मेलेली असेल तर अजिबात करू नका. मधेच लाइट गेली तर बूट न होणाऱ्या लॅपटॉपचा चालूच न होणारा लॅपटॉप होईल.

शेवटचं एक, कारण इन्स्टॉल नीट चाललेलं असताना लोक इथे फसतात. फाइली कॉपी झाल्या की विंडोजचा इन्स्टॉलर रीस्टार्ट करतो, आणि तुम्ही बूट ऑर्डरमध्ये पेनड्राइव्ह कायमचा वर ठेवला असेल तर परत भाषा विचारणारी पहिली स्क्रीन येऊ शकते. वाटतं की इन्स्टॉल फेल झालं, मग परत सुरू करतात, परत तेच. 'प्रेस एनी की' आलं तर या वेळी काही दाबू नका, नाहीतर रीस्टार्ट होतानाच पेनड्राइव्ह काढून घ्या. म्हणूनच बूट ऑर्डर बदलण्यापेक्षा एका वेळेपुरता बूट मेनू वापरलेला बरा.